लॅपटॉपची अट आधी मागे घ्या

प्रश्न : मी उदगीर तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलीला दोन वर्षं लातूरला क्लाससाठी ठेवलं होतं. एमएचटी-सीईटीत तिला ९१ पर्सेंटाइल आहेत. पुण्यात एआय अँड डेटा सायन्सला घालायचं आम्ही ठरवलं आहे. त्यासाठी शिक्षक पतपेढीतून कर्ज काढून सव्वा लाखाचा, ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घेण्याची तयारी आहे. एआयला तसाच लागतो असं सगळे सांगतात. तिला मात्र पातळ, हलका, चांगल्या स्क्रीनचा आणि दिवसभर बॅटरी पुरेल असा हवा आहे. शिवाय तिच्या डोक्यात सिव्हिलचं खूळ आहे. बायपासच्या पुलाचं काम चालू होतं तेव्हा सुट्टीत घरी आली की तासन्‌तास तिथे जाऊन उभी राहायची. मी स्पष्ट सांगितलं आहे, कॉम्प्युटर नाहीतर एआय घेतलंस तर लॅपटॉप, नाहीतर तुझं तू बघ. कोणता लॅपटॉप घ्यावा ते मॉडेलसह सांगावे.
— एक पालक

उत्तर : नमस्कार सर,

लॅपटॉपबद्दल सांगते, पण जरा थांबून. तुमचं पत्र वाचताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापाशी मी अडखळले नाही. ‘नाहीतर तुझं तू बघ’ इथे अडखळले.

मुलगी पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर, परक्या शहरात, हॉस्टेलवर राहायला निघाली आहे. अशा वेळी बापाने घातलेली अट अठरा वर्षांची मुलगी मोडत नाही. ती ‘बरं’ म्हणते. तुम्हाला वाटतं, पटलं तिला. पटलेलं नसतं, तिच्यापुढे दुसरा रस्ता नसतो इतकंच. लॅपटॉप आज इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेत लागतो, बी.ए.लाही लागतो. मेस, हॉस्टेलचं भाडं, बसचा पास, तसाच तो शिक्षणाचा खर्च आहे. तो शाखेच्या बदल्यात द्यायची गोष्ट तुम्ही केलीत, आणि तीही कर्ज काढून. म्हणजे उद्या तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, तर तिच्या डोक्यावर विषयांचं ओझं असेल आणि वर पतपेढीच्या हप्त्याचंही. ‘एवढा महागाचा घेऊन दिला तरी’ हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तरी तिला ऐकू येईल. दिवाळीच्या सुट्टीनंतर सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत अशी बरीच असतात. शाखा झेपत नाही, आणि घरी सांगायची सोय नाही, कारण घराने तिच्यासाठी काहीतरी गहाण टाकलेलं असतं.

आता खुळाबद्दल. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे की ती पुलाच्या कामावर तासन्‌तास उभी राहायची. सर, शाखा निवडायला माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांना मी विचारते, ‘कॉम्प्युटरच का?’ उत्तर येतं, ‘स्कोप आहे.’ कुणाच्या मामाने सांगितलेलं असतं, कुणाच्या क्लासच्या सरांनी. स्वतःच्या पायाने जाऊन, उन्हात उभं राहून काही पाहिलंय असं सांगणारं पोर वर्षातून एखादंच भेटतं. तुमच्या घरात ते आहे आणि तुम्ही त्याला खूळ म्हणता. तुम्ही शिक्षक आहात म्हणून जरा तिखट बोलते : वर्गातला एखादा मुलगा तास संपल्यावरही प्रयोगशाळेत रेंगाळला असता, तर तुम्ही स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक केलं असतंत.

अर्थात पूल बघायला आवडणं आणि सिव्हिल इंजिनिअर होणं यात अंतर आहे, हे तिलाही कळायला हवं. म्हणून तिला तुमच्याच तालुक्याच्या सार्वजनिक बांधकाम उपविभागात किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात घेऊन जा. तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून काम करणाऱ्या मुली असतात, त्यांच्यापैकी कुणाशी तिला बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या. दिवसभर काय करावं लागतं, साइटवर कोण कसं वागतं, संध्याकाळी घरी किती वाजतात, हे ती तुमच्यासमोर विचारणार नाही. सिव्हिलचं सगळं काम उन्हातच असतं असंही नाही. स्ट्रक्चरल डिझाइन, एस्टिमेट, पाणीपुरवठ्याचं नियोजन ही टेबलावरची कामं आहेत. सरकारी नोकरीसाठी एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा आहे, एम.टेक.साठी गेट ही परीक्षा आहे. आणि एक कडू गोष्ट मी लपवणार नाही : खासगी कंपनीत सिव्हिलचा सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा सहसा कमी असतो. पण आयटीचा तो पगार ‘एआय’ असं लिहिलेली पदवी हातात पडली म्हणून मिळत नाही. ज्याला काम येतं त्याला मिळतो. न आवडणारं काम चांगलं येणारी माणसं असतात, पण आपली मुलगी त्यांतली निघेल यावर सव्वा लाख लावू नका.

प्रवेशाचं एका दमात सांगते. ९१ पर्सेंटाइलवर खुल्या गटातून नावाजलेल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे, सिव्हिलसाठी दारं त्यामानाने जास्त उघडी असतात. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कटऑफ बघा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, हे पसंतीची यादी लावण्याआधी समजून घ्या. तुमचा प्रवर्ग आणि उत्पन्न बसत असेल तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मुलींना शिक्षण शुल्कात मिळणारी पूर्ण सवलतही तपासा. आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीची ती यादी, तिने भरायचा. शेजारी तुम्ही बसा, माउस तिच्या हातात राहू द्या.

आता ‘एआयला गेमिंग लॅपटॉपच लागतो’ याकडे येते. हा गैरसमज इतका पसरला आहे की दुकानदाराला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना बरेचसे विषय सारखेच असतात : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग, आणि जोडीला सी किंवा पायथनची ओळख. सी-चा प्रोग्रॅम साध्यातल्या साध्या लॅपटॉपवर चालतो, त्यासाठी ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्टँडवरून पाहुणा आणायला ट्रॅक्टर नेण्यासारखं आहे. पुढे मशिन लर्निंग, म्हणजे माहितीवरून कॉम्प्युटरला शिकवणं, शिकायची वेळ येते तेव्हा मुलं गुगल कोलॅब वापरतात. ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचं, आणि गुगलच्या डेटा सेंटरमधलं ग्राफिक्स कार्ड वापरायला मिळतं. फुकट मिळतं, वेळेची मर्यादा असते. तिथे सहसा मिळणाऱ्या एनव्हिडिया टी-४ कार्डाची मेमरी १६ जीबी आहे. गेमिंग लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० ची ६ जीबी. म्हणजे कर्ज काढून घेतलेल्या कार्डापेक्षा जास्त मेमरीचं कार्ड तिला हॉस्टेलच्या वायफायवर मिळणार आहे. कॅगल या संकेतस्थळावरही अशीच सोय आहे. आणि ज्या प्रचंड मॉडेलांमुळे एआयचा एवढा बोलबाला आहे, ती कुणाच्याच लॅपटॉपवर तयार होत नाहीत. त्याला हजारो कार्डं लागतात. गंमत अशी, की ग्राफिक्स कार्डाचा थोडाफार उपयोग तिसऱ्या-चौथ्या वर्षी झालाच तर तो सिव्हिलवाल्यांना रेव्हिट या सॉफ्टवेअरमधल्या इमारतींच्या थ्रीडी मॉडेलसाठी होतो. तिथेही विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टपुरतं साध्या लॅपटॉपवर भागतं, आणि कॉलेजची लॅब असतेच.

थोडक्यात, लॅपटॉपच्या बाबतीत तुमची मुलगी बरोबर आहे. तिच्या मागण्या वरवरच्या वाटल्या म्हणून तुम्ही त्या उडवून लावल्यात, पण तिने वापराचा विचार केला आहे आणि तुम्ही आकड्यांचा.

गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर त्याचा अर्धा किलोचा अ‍ॅडॅप्टर. हे सगळं पाठीवर घेऊन तिला पीएमपीच्या बसमध्ये उभं राहायचं आहे. चार-सहा महिन्यांत तो हॉस्टेलच्या टेबलावर कायमचा मुक्काम करतो, आणि मुलगी कॉलेजात मोबाइलवर नोट्स बघते. सव्वा ते दीड किलोचा असेल तर रोज सोबत जाईल.

बॅटरीच्या बाबतीत खोक्यावरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. ते तास स्क्रीन मंद करून, एकच व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. दोन गोष्टी विचारा : बॅटरी किती वॅट-अवरची (तिच्यात किती वीज मावते त्याचं हे माप) आणि प्रोसेसर कोणत्या प्रकारचा. ६० वॅट-अवरच्या बॅटरीवर लॅपटॉप नेहमीच्या लेखन-वाचनाला ८ वॅट घेत असेल तर साडेसात तास मिळतात. गेमिंग लॅपटॉप तेवढ्याच कामाला १५-२० वॅट सहज खातो, त्यामुळे मोठी बॅटरी असूनही दुपारीच मान टाकतो. शिवाय चार्जर काढला की त्याचं ते ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालतच नाही. पुण्यातल्या वर्गांत शंभर मुलांमागे सॉकेट किती असतात, ते कॉलेज बघायला जाल तेव्हा स्वतः मोजा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी यू किंवा व्ही, एएमडीच्या नावाशेवटी यू असेल तर तो वीज जपून वापरणारा. इंटेलच्या नावाशेवटी एचएक्स असेल तर तो टेबलावर, प्लगला लावून वापरायचा. चार्जिंग यूएसबी-सीने होत असेल तर उत्तमच, ६५ वॅटच्या एकाच चार्जरवर फोनही भागतो.

स्क्रीनवर थोडं जास्त बोलते, कारण पालक तिथेच पैसे वाचवतात. चार वर्षं ती रोज पाच-सहा तास पीडीएफ आणि ड्रॉइंग याच स्क्रीनवर वाचणार आहे. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपना २५० निट्स (हे उजेडाचं माप) उजेडाची, ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेली, म्हणजे कमी रंग दाखवणारी स्क्रीन असते. खिडकीजवळ बसलं की अक्षरं पुसट, रंग धुतल्यासारखे. बाजूने बघितलं तरी नीट दिसणारं आयपीएस पॅनेल, ३०० निट्सच्या पुढे, शक्य तर ४००, आणि रंगांसाठी १०० टक्के एसआरजीबी हे मागा. आकार १४ इंच, रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० असलं तर पानाच्या दोन ओळी जास्त दिसतात. ओलेड स्क्रीन दिसायला देखणी, पण उजेड कमी केला की काहींच्या डोळ्यांना तिची लुकलुक त्रास देते. तेव्हा दुकानात उजेड कमी करून तिलाच दहा मिनिटं वाचायला सांगा.

रॅम १६ जीबीच घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. फाइली साठवायची एसएसडी ५१२ जीबी पुरे, ती सहसा बदलता येते.

मॅकबुक एअरचं नाव तिने काढलं असेल तर ते उगाच नाही. सव्वा किलोच्या आसपास वजन, आत पंखा नाही, बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही चांगल्या. कॉम्प्युटरच्या अभ्यासाला तो छान चालतो. पण सिव्हिलला लागणारी रेव्हिट, स्टॅड, ईटॅब्स ही सॉफ्टवेअर मॅकची नाहीत, विंडोजवरची आहेत, आणि मेकॅनिकलचं सॉलिडवर्क्सही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला दमदार आहेत, पण असं जड इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर त्यांच्यावर कुरकुरू शकतं. म्हणजे लॅपटॉप कोणता घ्यायचा ते शाखा ठरल्यावर ठरतं. तुम्ही नेमकं उलटं चालवलं होतं.

मॉडेलचं नाव मी मुद्दामच देत नाही. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन घालून विकला जातो. मी नाव सांगायचं आणि तुमच्या हातात त्यातला २५० निट्सवाला पडायचा. वर लिहिलेलं सगळं असलेला लॅपटॉप सव्वा लाखाच्या बराच खाली मिळतो, तेव्हा पतपेढीकडे जायचं की नाही ते पुन्हा एकदा बघा. उरलेल्या पैशांतून अपघाती नुकसानीचं कव्हर आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी घ्या. हॉस्टेलवर लॅपटॉपवर चहा सांडतोच.

आज घाई मुळीच करू नका. आज रात्री जेवताना तिला एवढंच सांगा, की शाखा कोणतीही घे, लॅपटॉप मिळणार. मग उपविभागाच्या ऑफिसात जाऊन या, ऑप्शन फॉर्म भरा, जागा मिळू द्या, विभागातल्या सीनियर मुलांना कोणती सॉफ्टवेअर लागतात ते तिला विचारू द्या. खरेदी त्यानंतर, तिला सोबत घेऊन. स्क्रीनचे निट्स आणि बॅटरीचे वॅट-अवर दुकानदार लेखी दाखवत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.