कॉलेजचा अभ्यासक्रम कंपन्यांनीच ठरवला तर मुलं नोकरीसाठी लवकर तयार होतील का?

होतील की. पण कुठल्या कामासाठी आणि किती वर्षांसाठी, तेवढं त्या कंपनीकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहात, कॅम्पसला आलेल्या माणसाने ‘तुम्हाला काहीच येत नाही’ असं तोंडावर सांगितलं, आणि दहावीची भूमिती आजवर कुणाच्या कामाला आली असेल तर दाखवा. ही शेवटची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला. माझ्या कामाला आली. सविस्तर सांगतो, कारण हे भांडण आमच्या घरात गेली वीस वर्षं चालू आहे.

मी आयटीआयचा फिटर, १९९६ चा. पहिले कित्येक महिने हातात फक्त कानस. लोखंडाचा तुकडा घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायला. तळहाताला फोड आले, पण हात बसला. त्या शिक्षणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

मग वर्षभर अ‍ॅप्रेंटिस म्हणून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका कंपनीत लागलो. आता तुम्ही म्हणता तसं कंपनीनेच शिकवायचं होतं. काय शिकवलं? ड्रिलिंग मशीनवर उभं केलं. ब्रॅकेट लावा, हँडल खाली, हँडल वर, ब्रॅकेट काढा. एकाच मापाचं भोक, एकाच जागी, दिवसाला तीनशेच्या वर. आठ महिने! कारण सरळ होतं. कामगार महाग, अ‍ॅप्रेंटिस विद्यावेतनात पडतो. कागदावर मात्र मी ‘फिटर ट्रेडचं प्रशिक्षण’ घेत होतो.

नवव्या महिन्यात टूलरूममधला, म्हणजे कंपनीची हत्यारं आणि साचे बनवतात तिथला, एक जण लग्नाच्या रजेवर गेला म्हणून मला तिथे हेल्पर दिलं. सेकंड शिफ्ट होती. सरफेस ग्राइंडरवर फिक्स्चरचा, म्हणजे मशीनवर काम पकडून ठेवणाऱ्या साच्याचा, एक भाग तिरका घासायचा होता, कोन साडेबावीस अंश. असा कोन साइन बारवर लावतात, म्हणजे दोन टोकांना रोलर असलेल्या पोलादी पट्टीवर. बारच्या एका रोलरखाली स्लिप गेजची, म्हणजे अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांची, थप्पी द्यायची, थप्पीची उंची म्हणजे बारची लांबी गुणिले त्या कोनाचा साइन. बार शंभर मिलिमीटरचा. तीस अंश असता तर पन्नासची थप्पी, डोळे मिटून. साडेबावीसला साइनचा तक्ता लागतो, आणि तक्त्यांचं पुस्तक साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, साहेब घरी. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. स्टोअरमधला कॅल्क्युलेटर किराणा दुकानात असतो तसला, त्यावर साइनचं बटण नाही, वर्गमुळाचं तेवढं होतं.

मिस्त्री म्हणाले, “ठेव तसंच, सकाळी बघतील.” सकाळी सातला तो भाग मशीनवर चढायचा होता.

मला का कुणास ठाऊक शाळेतल्या बाई आठवल्या. बाह्यकोन म्हणजे समोरच्या दोन आंतरकोनांची बेरीज, हे त्या पट्टी आपटून आपटून म्हणून घ्यायच्या. साडेबावीस म्हणजे पंचेचाळीसचा निम्मा. खडूने फरशीवर काटकोन त्रिकोण काढला, काटकोनाच्या दोन्ही बाजू एक-एक, म्हणजे कर्ण √२. आता त्यातली पाया असलेली बाजू पंचेचाळीसच्या टोकाकडून पुढे आणखी √२ ने वाढवली. वाढवलेलं टोक वरच्या शिरोबिंदूला जोडलं की शेजारी समद्विभुज त्रिकोण तयार होतो. पंचेचाळीसचा कोन झाला त्याचा बाह्यकोन, म्हणून टोकाशी बरोबर निम्मा, साडेबावीस. मोठ्या त्रिकोणाचा पाया १ + √२, म्हणजे २.४१४२१. उंची १. पायथागोरसने कर्ण २.६१३१३. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणून एकाला त्याने भागलं की ०.३८२६८. थप्पी ३८.२६८.

गेजच्या पेटीतून १.००८, १.२६, ६ आणि ३० काढले, पुसून एकावर एक चिकटवले. मिस्त्रींनी दोनदा बेरीज तपासली, फरशीवरच्या चित्राकडे बघितलं, आणि काही न बोलता ग्राइंडर चालू केला. सकाळी साहेबांनी पुस्तक उघडलं, त्यात ०.३८२७. चारच आकडी होतं ते. माझा आकडा जास्त बारीक होता, हे मी त्या दिवशी दहा जणांना सांगितलं असेल.

उरलेले तीन महिने मी परत ड्रिलिंगवर गेलो नाही. पुढची नोकरी टूलरूममध्येच मिळाली, आज तेच खातोय.

आता दाजी. आमच्या दाजींचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. सातवीत शाळा सोडली, लेथवर उभे राहिले, आज स्वतःच्या तीन लेथ. माणूस कर्तबगार, वाद नाही. पण त्यांनी माझ्या भाच्याला दहावीनंतर काढून वर्कशॉपला लावलं तेव्हा आमचं वाजलं ते वाजलंच. त्यांचं म्हणणं, “एका रात्रीच्या हिशोबासाठी दहा वर्षं बाकावर बसायचं? तक्ता भिंतीला चिकटवला असता तर काम झालं असतं.” बिनतोड वाटतं ऐकायला. मी म्हणतो, तक्ता चिकटवायचं डोकं त्या कंपनीला कधी सुचलं नव्हतं, आणि तक्त्यात नसलेलं काम आलं की तक्ता मुका.

आयटीआयला मी शेपर मशीन, म्हणजे लोखंड रंधायचं मशीन, शिकलो होतो. बाहेर पडल्यावर एकदाही चालवलं नाही. तिशीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, प्रोग्रामिंग करायची वेळ आली, तेव्हा भोकांचं वर्तुळ, चाप, तिरका कट सगळं को-ऑर्डिनेटमध्ये लिहायचं होतं. पुन्हा साइन, कोसाइन. कंपनीने १९९६ साली माझा अभ्यासक्रम ठरवला असता तर मला ते एक भोक अप्रतिम आलं असतं.

कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांच्या नांगराचे एजंट म्हणून गावोगाव फिरले होते. कारखाना म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी १९१९ साली त्यांनी काढली ती रयत शिक्षण संस्था. ‘कमवा आणि शिका’त पोरं खडी फोडायची, शेतात राबायची ती शिकता यावं म्हणून. आता सगळे उलटं वाचतात, कमावता यावं म्हणून शिका.

आणि ‘मुलांना काहीच येत नाही’ म्हणणाऱ्या कंपन्यांना एक विचारा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायचेच असतात. तुम्ही घेता ते कुठे उभे करता? तुमच्या मशीनचं बटण कुठलं, हे कॉलेजने का शिकवायचं? ते दोन आठवड्यांचं काम आहे आणि ते तुमचं आहे. भूमिती तुम्ही कधीच शिकवणार नाही, म्हणून ती शाळेने शिकवायची.

आता तुमच्यासाठी. तिसरं वर्ष आहे तर सुट्टीत घरी बसू नका, जवळच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जा. मोठ्या कंपनीत नको, तिथे इंडक्शनची पीपीटी दाखवतात. मायक्रोमीटर हातात घेऊन शंभर मापं काढा, ड्रॉइंग वाचायला शिका. मुलाखतीत येत नाही ते येत नाही म्हणून सांगा.

हेही खरं, की आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्याच बाईंकडे शिकली आणि त्यांना बाह्यकोन काय हे आज विचारलं तर शिव्या घालतील. बाईंनी साइन बारचं नावही कधी ऐकलं नसणार. हे प्रमेय कुठे लागतं हे त्यांनी एकदा जरी सांगितलं असतं तर आणखी चार जण टिकले असते. घरात उद्याची चूल पेटायची असेल तर आधी काम धरा, दाजी त्या बाबतीत बरोबर आहेत, आणि हे त्यांना कुणी सांगू नका. कॉम्प्युटर किंवा केमिकलवाल्यांचं मला काही कळत नाही, मी लोखंडापुरतं बोललो.

भाचा हे वाचणार आहे, दाजी वाचणार नाहीत. बाळ्या, जुना शंभरचा साइन बार माझ्या कपाटात आहे, दिवाळीला आलास की घेऊन जा. बापाला विचार, साडेसदतीस अंशाला थप्पी किती?