गावच्या वाचनालयाची वेबसाइट करतोस, तर आधी हे ऐक
भाऊ, तू वेबसाइट बनवायला थेट ड्रुपलसारखं अवघड सॉफ्टवेअर घेऊन बसलास, हे जरा जास्तच झालं. गावच्या वाचनालयाला वर्डप्रेस हे त्याहून सोपं सॉफ्टवेअर पुरे. ते २००३ पासून आहे, मराठीतही वापरता येतं, अन् तू नसलास तरी ग्रंथपालबाई त्यावर सूचना टाकू शकतील. आधी वाचनालयाच्याच संगणकावर झॅम्प (आपल्याच संगणकावर साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) टाकून हात बसव. एकदा टाकलं की नेट लागत नाही. बिघडलं तर पुसून पुन्हा कर.

पुस्तकांची यादी मात्र पानावर टाइप करत बसू नको. सूची अन् देवघेव हे कोहा या वाचनालयांसाठीच्या सॉफ्टवेअरचं काम. तेही वर्डप्रेससारखं मुक्तस्रोतच, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारं, न्यूझीलंडमधल्या वाचनालयासाठी १९९९ मध्ये लिहिलेलं. वेबसाइटवर त्याच्या शोधपानाची लिंक दिली की झालं. जुनी यादी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घे, नाहीतर नुसती अक्षरांची खिचडी दिसते अन् शोधून काही सापडत नाही.

सॉफ्टवेअर फुकट, पण डोमेन (साइटचा पत्ता) अन् होस्टिंग (साइट ठेवायची जागा) यांचे पैसे वेळच्या वेळी भरावेच लागतात. डोमेन वाचनालयाच्याच नावावर अन् ईमेलवर घे. आमचं एका पोराच्या ईमेलवर होतं. पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, नूतनीकरणाचे मेल त्यालाच जात राहिले, अन् ऐन कापूस वेचणीत साइट बंद! दोन महिने कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे आणखीच वाईट.

प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या जादा सोयी, मोजकेच ठेव. बॅकअप घेताना फाइली अन् डेटाबेस (ज्यात साइटचा मजकूर साठतो), दोन्ही घे.