लेकीला मटेरियल, लाइटिंग आणि सिम्युलेशनमध्ये संशोधन करायचंय, पाठवावं का?

पत्र साताऱ्याहून आलं आहे. वडिलांचं मोती चौकाजवळ इलेक्ट्रिकचं दुकान आहे, गणपती-नवरात्रात मंडपांच्या लायटिंगची कामं घेतात. मुलगी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. पुढच्या वर्षी कॅम्पसला आयटी कंपन्या येतील तेव्हा मी बसणार नाही, असं तिनं घरात आत्ताच जाहीर केलंय. तिला संशोधन करायचंय, तेही मटेरियल, लाइटिंग डिझाइन आणि कॉम्प्युटर सिम्युलेशन या तिन्हींत मिळून. वडील लिहितात, "यातलं लायटिंग सोडलं तर मला काही कळत नाही. मेहुणे म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. धाकटा अकरावीत आहे. हिला स्वतःच्या पायावर उभं राहायला किती वर्षं लागतील ते सांगा, आणि खरं सांगा."

नमस्कार.

वर्षांचं आधी सांगते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. पदवीनंतर एम.टेक.ची दोन वर्षं आणि पीएच.डी.ची साधारण चार ते पाच. म्हणजे संशोधनाचा रस्ता शेवटपर्यंत धरला तर सहा-सात वर्षं. मात्र हा सगळा खर्च तुमच्या गल्ल्यातून जाणार नाही. गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेतल्या गुणांवर सरकारी संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.ला फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० असा आहे, घरभाडं वेगळं. यात तिचं तिला भागेल. धाकट्याच्या फीला हातभार लागेल असं धरून मात्र चालू नका. आणि तिच्या वर्गातली आयटीत गेलेली मुलं तोवर पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरत असतील. दिवाळीत ती गावी येतील, विषय निघेल. तेव्हा घरातल्या कुणीही तिला टोचून बोलायचं नाही, एवढं आधी ठरवा. ते जमणार नसेल तर हा रस्ता तिच्यासाठी फार अवघड होईल.

आता मेहुण्यांच्या म्हणण्याकडे वळते. तुमच्या दुकानात मंडपातून परत आलेला एखादा बंद पडलेला ५० वॉटचा फ्लडलाइट असेलच. मेन्सपासून पूर्ण सोडवून, थोडा वेळ जाऊ देऊन तो लेकीसमोर उघडा. पुढची काच काढली की पिवळे ठिपके दिसतील. त्या पिवळ्याखाली निळा प्रकाश देणारी चिप असते. वरच्या पिवळ्या फॉस्फरनं त्यातला थोडा निळा शोषून पिवळा करायचा आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्याला पांढरं दिसायचं, अशी ती रचना. चिप गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकाची. हा स्फटिक नीट वाढवता येत नव्हता, म्हणून लाल-हिरवे एलईडी कित्येक वर्षं आधी आले तरी झगझगीत निळा आला १९९३ साली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. यातले नाकामुरा जपानच्या तोकुशिमासारख्या आडबाजूच्या भागातल्या विद्यापीठात शिकले आणि तिथल्याच एका कंपनीत काम करत होते. ती कंपनी फॉस्फरची रसायनं बनवायची. मटेरियलचा प्रश्न सुटला आणि मग प्रकाश आला.

पुढे बघा. चिप जेवढी वीज खाते त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होते. ५० वॉटच्या दिव्यात तीसेक वॉट धरा. ही उष्णता चिपखालच्या सोल्डरमधून अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये, तिथून पांढऱ्या पेस्टमधून मागच्या फिन्सच्या बॉडीत आणि तिथून हवेत जायला हवी. पेस्ट कंजूषपणे लावली असेल तर मध्ये हवा राहते, आणि हवा ही अ‍ॅल्युमिनियमच्या मानानं हजारो पटींनी वाईट उष्णतावाहक. वाट तिथंच तुंबते. चिप तापते, उजेड उतरतो, रंग बदलतो. शेजारच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे मेन्सची वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर तर दर दहा अंश जास्त तापला की ढोबळमानानं अर्ध्या आयुष्यावर येतो. तुम्ही गिऱ्हाइकाला "ड्रायव्हर गेला" म्हणून सांगता, त्यामागे पुष्कळदा ही सगळी साखळी असते.

तर एकाच डब्यात मटेरियल आहे, प्रकाश आहे, आणि ती उष्णता कुठून कशी वाहते हे दिवा बनवण्याआधी काढायचं असेल तर सिम्युलेशनही आहे, म्हणजे तोच हिशेब संगणकावर मांडून बघणं. तुमच्या मुलीनं तीन विषय निवडलेले नाहीत. एकाच वस्तूकडे ती तीन बाजूंनी बघते आहे, आणि तिनं हे कुणी न सांगता ओळखलं असेल तर मला तिचं कौतुक वाटतं. आपल्या जिल्ह्याला मटेरियल आणि उजेडाची जोडी नवी नाही. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले काच कारखाना उभा राहिला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. आतून ज्योतीनं तापलेली काच बाहेरून पावसाचे थेंब पडले तरी तडकू नये, हा मटेरियलचाच प्रश्न होता आणि उजेडाचाही.

काळजी मला तिसऱ्या बाजूची वाटते, सिम्युलेशनची. तिच्या वयाच्या मुलांना स्क्रीनवरची लाल-पिवळी-निळी चित्रं फार लवकर खरी वाटायला लागतात. सॉफ्टवेअर कधी "मला माहीत नाही" म्हणत नाही. आकडे चुकीचे भरले तरी तितकंच देखणं चित्र देतं. या क्षेत्रात बटणं दाबणारी मुलं ढिगानं आहेत. संगणकाचं उत्तर कागदावर आणि मोजमापानं तपासू शकणारी कमी आहेत, आणि करिअर त्यांचं होतं.

याचं जगात गाजलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले. ते गेले वरच्या भागात, खालच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास. धरणातल्या यंत्रावर त्या हादऱ्याची नोंदही झाली. म्हणजे धक्का किती होता ते माहीत, काँक्रीट कसलं होतं ते माहीत आणि तडा कुठं गेला तेही माहीत. म्हणून आजही जगभरचे अभियंते काँक्रीट कसं फुटतं याचं नवं गणित मांडलं की ते कोयनेवर चालवून बघतात. अबॅकस नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही कोयना आहे. तडा जिथं पडला तिथंच स्क्रीनवर पडला तर गणितावर विश्वास, नाहीतर परत पाटी कोरी. तिला हे उदाहरण स्वतः शोधून वाचायला सांगा. पाटण तालुक्यातलं धरण परदेशातल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात बघून तिला बळ येईल.

आता थेट तिच्याशी बोलते.

मुली, कॅम्पसचा निर्णय तू पुढच्या वर्षी घे. त्याआधी या गणपतीनंतर एक काम कर. विसर्जन झालं की बाबांच्या दुकानात बंद फिटिंग परत येतील. ती टाकून देऊ देऊ नकोस. प्रत्येक उघडून वहीत लिही: किती वॉटचं, काय गेलं, चिप की ड्रायव्हर की पाणी शिरलं, पेस्ट कितपत होती, वायरचा रंग बदललाय का. कपॅसिटरला हात लावण्याआधी बाबांना विचार. त्यांचा हात या कामात तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त बसलेला आहे. मग एक चालू फ्लडलाइट घे आणि आधी कागदावर उत्तर काढ. उष्णता ३० वॉट, बॉडीचं उघडं क्षेत्रफळ समज ०.१ चौरस मीटर, स्थिर हवेत दर चौरस मीटरला दर अंशाला साधारण १० वॉट जातात. म्हणजे बॉडी आजूबाजूच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापेल. त्यानंतरच सॉफ्टवेअर उघड. ते १५० अंश म्हणालं किंवा तीनच अंश म्हणालं तर काहीतरी चुकलंय हे तुला चित्र बघण्याआधी कळलं पाहिजे. शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तापमान मोजायचं थर्मोकपल मागून घे, दिवा तापमान स्थिर होईपर्यंत चालू ठेव आणि मोज.

प्रकाशाचंही तसंच. साधा लक्समीटर हजार-दोन हजारांत येतो. रात्री गच्चीवर दिव्यापासून दोन मीटरवर मोज, मग चार मीटरवर. उजेड चौथाई व्हायला हवा. तो चौथाईपेक्षा जास्त आला तर कुठल्या भिंतीवरून परत येतोय ते शोध. या कामात तुझी संध्याकाळ कधी गेली ते कळलं नाही, तर तू संशोधनात टिकशील. आकडे जुळेनात म्हणून चिडून वही मिटावीशी वाटली, आणि ती पुन्हा उघडावीशी वाटलीच नाही, तरीही काही बिघडलं नाही. मग लाइटिंग डिझाइनची दुसरी बाजू आहे. इमारती, मंदिरं, रस्ते, दुकानं यांचा उजेड आखायचा. नजर, रंगाची जाण आणि माणसांशी बोलणं यांवर चालणारं ते काम आहे. त्यातही इज्जत आणि पैसा आहे, आणि घरात तुझा गुरू बसलेला आहे.

पुन्हा तुमच्याकडे येते. पुण्यातल्या मोठ्या फीच्या सॉफ्टवेअर क्लासला आत्ता पाठवू नका. रस्त्याचा, खोलीचा उजेड आखायला डायलक्स फुकट मिळतं आणि व्यवसायातले लोकही तेच वापरतात. हवा-उष्णतेच्या गणितासाठी ओपनफोम फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात त्याचं शिक्षण मिळतं, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरेच धडे मराठीतून आहेत. पायथॉन तिनं याच वर्षी शिकावं. प्रयोगाची आकडेवारी हातानं मांडत बसण्यात वेळ जातो.

पुढच्या संस्थांचं थोडक्यात. मटेरियलसाठी आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी, जवळ म्हणजे पुण्याच्या सीओईपीचा मेटलर्जी विभाग. प्रकाशासाठी कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात इल्युमिनेशनचं स्वतंत्र एम.टेक. आहे, लांब आहे, पण या विषयात त्यांचं नाव जुनं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या मटेरियलवर बरीच वर्षं काम चालतं. तिथल्या प्रयोगशाळेत एक दिवस घालवायला मिळतो का, हे तिनं आपल्या सरांमार्फत विचारावं. संशोधकाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे बघितल्याशिवाय सहा वर्षं देऊ नयेत.

आणि मधला रस्ताही आहे, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. पुणे-चाकण पट्ट्यात गाड्यांचे हेडलॅम्प बनवणाऱ्या कंपन्या आहेत. हेडलॅम्पमध्ये तिचे तिन्ही विषय एकत्र येतात. पुढची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. उन्हानं ती पिवळी पडू नये म्हणून वर लेप. समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून किरणांची रेघ नेमक्या उंचीवर कापायची, ते संगणकावर एकेक किरण सोडून काढतात. आत एलईडीची उष्णता, आणि पावसाळ्यात आतून धुकं धरणारी काच. असल्या ठिकाणी सिम्युलेशनची नोकरी मिळाली तर ती तिनं जरूर घ्यावी, दोन वर्षं करावी आणि मग एम.टेक.ला जावं. त्या दोन वर्षांत घरालाही थोडा श्वास मिळेल. आयटीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. ज्या नोकरीत दोन-तीन वर्षांचा बाँड आहे आणि कुठल्या कामावर घालतील ते आधी सांगत नाहीत, ती तिच्यासारख्या मुलीनं केवळ सुरक्षित म्हणून घेऊ नये. तिथून परत या विषयाकडे येणं अवघड जातं. पण कॅम्पसला मुळीच बसणार नाही, हा हट्टही तिनं सोडावा. मेकॅनिकलच्या कंपन्याही येतील. मुलाखत दिली म्हणून नोकरी घ्यावीच लागते असं नाही. कॉलेजचे नियम मात्र आधी वाचून घ्या, काही ठिकाणी एक ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत.

एक काम लगेच करायचं आहे. गेटचे अर्ज दरवर्षी साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होऊन सप्टेंबरअखेरीच्या आसपास बंद होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता येतं आणि गुण तीन वर्षं चालतात. तिनं मेकॅनिकलचाच पेपर द्यावा; इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात गणित सक्तीचं आणि मटेरियल सायन्ससकट इतर विषयांतून दोन भाग निवडता येतात, पण मेकॅनिकलच्या पेपरानं सरकारी कंपन्यांचीही दारं उघडतात, आणि तुमच्या घरची परिस्थिती बघता ती उघडी ठेवलेली बरी. यंदा कमी गुण पडले तरी चिंता नको, चौथ्या वर्षी पुन्हा देता येते. विसर्जनाच्या गडबडीत तारीख निघून जाईल, म्हणून फॉर्म या रविवारीच भरून टाका.