वाचकांचे प्रश्न : थंडी नसलेल्या गावातली संक्रांत

प्रश्न : गेल्या जूनमध्ये यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही साताऱ्याहून मॉरिशसला, कात्र बोर्न येथे राहायला आलो. दिवाळीपर्यंत काही जाणवले नाही, पण डिसेंबर लागल्यापासून मन थाऱ्यावर नाही. घामाने अंग चिकचिकते, मुलांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली आहे, शेजारीपाजारी नाताळच्या तयारीत आहेत आणि मी तीळ, बाजरीचे पीठ व काळी साडी काढून बसले आहे. आठ वर्षांची मुलगी विचारते, "आई, इथे थंडीच नाही, तर संक्रांत कशाला?" धाकट्याचे पहिले बोरन्हाण आहे आणि बाजारात बोरे दिसत नाहीत. इथे हे सण करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला "परंपरा आहे म्हणून" असे उत्तर देऊन तिला गप्प करू नये. संक्रांत हा थंडीचा नव्हे, सूर्याचा सण आहे. सूर्य मकर राशीत जातो तो सगळ्या पृथ्वीसाठी एकाच वेळी जातो. थंडी ही उत्तर गोलार्धाची गोष्ट. तीळ, गूळ, बाजरी आणि काळे वस्त्र या साऱ्या आपल्या हवेने सणाला दिलेल्या वस्तू आहेत.

किंबहुना हा सण डोळ्यांनी पाहण्यासाठी मॉरिशससारखी जागा नाही. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 20 अंशांवर आहे. 14 जानेवारीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे 21 अंशांहून थोडा अधिक असतो, म्हणजे भर दुपारी तो आपल्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी आणि सव्वाबारानंतर पाचेक मिनिटांनी तिची सावली मुलीला मोजू द्यावी. ती जेमतेम दोन सेंटीमीटर भरेल आणि तिचे टोक उत्तरेकडे असेल. साताऱ्यात त्याच दिवशी पाऊण वाजण्याच्या सुमारास आजीने तेवढ्याच काठीची सावली मोजली, तर ती 80 सेंटीमीटरच्या आसपास निघेल. भारताचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे आजीचा आकडा आधी येईल आणि नात आपली काठी घेऊन त्याची वाट पाहील. पुढे 20-21 जानेवारीला कात्र बोर्नच्या काठीची सावली दुपारी जवळपास नाहीशी होईल आणि त्यानंतर दक्षिणेकडे पडू लागेल, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला निघालेला असेल. उत्तरायण म्हणतात ते हेच. खऱ्या आकाशात सूर्याचे उत्तरेकडे वळणे 21-22 डिसेंबरलाच होते, हेही मुलीला सांगावे. आठ वर्षांच्या मुलीला ते नक्की समजते. साताऱ्यात दिवस तिळातिळाने वाढू लागतो तेव्हा मॉरिशसमध्ये तो तिळातिळाने लहान होऊ लागतो, एवढाच काय तो फरक.

आता स्वयंपाकघराकडे वळू. दमट हवेत गूळ पाणी धरतो आणि वडी दुसऱ्या दिवशी हाताला चिकटते. म्हणून तिळगूळ एकदम किलोभर करू नये. दोन दिवसांत संपेल एवढाच करावा, तीळ खमंग भाजून पूर्ण निवू द्यावेत आणि लाडू गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. चांगला गूळ मिळाला नाही, तर मॉरिशसच्याच उसाची गडद, ओलसर, न शुभ्र केलेली साखर वापरून पाहावी. तिची चव गुळाच्या फार जवळची असते. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे खरे, पण भोगीची भाजी म्हणजे त्या त्या ऋतूत शेतात असेल त्याची भाजी. तिथल्या मंडईत 'पिपांगाय' म्हणजे आपला दोडका, 'लालो' म्हणजे भेंडी आणि 'ब्रेद मुरुम' म्हणजे शेवग्याचा पाला. त्यात तिळाचे कूट घालून भाजी केली, तर तिला भोगीची भाजी म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. बाजरीची भाकरी मात्र एखादीच करावी. काळी साडी सुती नेसावी आणि हळदीकुंकू उन्हे उतरल्यावर ठेवावे.

बोरांचे मनाला लावून घेऊ नका. गंमत म्हणजे आपल्या बोराच्या शास्त्रीय नावातच 'मॉरिशियाना' आहे; नावाने तरी ते त्या बेटाचेच. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, हलवा आणि भुईमुगाच्या शेंगा ओताव्यात, आणि भोवती जमलेल्या मुलांच्या ओंजळीत लिची द्याव्यात. बोरन्हाणाचे सुख मुलांच्या त्या लुटालुटीत आहे.

नाताळ आणि नववर्ष यांकडे परके म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते. आपण साताऱ्याच्या, म्हणजे 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा करणाऱ्या गावच्या. तो गुलमोहर मूळचा मॉरिशसशेजारच्या मादागास्करचा, आणि मॉरिशसमध्ये तो वर्षअखेरीला फुलतो म्हणून त्याला 'बुके बनाने', नववर्षाचा गुच्छ, म्हणतात. शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट घेऊन जावे आणि 'बनाने' म्हणून शुभेच्छा द्याव्यात. समुद्रकाठच्या सुरूची पडलेली फांदी आणून मुलांनी ती सजवली, तर बिघडत काही नाही. घरातल्या यंत्राने खोली गार करून खोटी थंडी मात्र आणू नये. मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो. शेजारी तमिळ कुटुंब असेल, तर त्यांचा पोंगल याच दिवसांत असतो. त्यांना तिळगूळ द्यावा.

आणखी एक. या बेटावर आलेल्या पहिल्या मराठी बाई आपण नाही. 1834 नंतर करारावर आलेल्या मजुरांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसे होती. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी इतकी जपली की तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने अजून नाचतात आणि शाळांतून मराठी शिकवतात. घरात क्रिओल ही तिथली बोलभाषा बोलणाऱ्या एखाद्या मराठी आजीला हळदीकुंकवाला आवर्जून बोलवावे आणि तिच्याकडे हा सण कसा करीत, ते विचारावे. ती जे सांगेल, ते मला सांगता येणार नाही.

जानेवारी हा तिथे चक्रीवादळांचाही महिना आहे. 2024 साली संक्रांत 15 जानेवारीला होती आणि नेमक्या त्याच दिवशी 'बेलाल' वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पूर आणला. म्हणून आमंत्रणे देण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा, आणि वादळाचा रंग दिसला तर कार्यक्रम निःशंक पुढे ढकलावा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते.