सहा हजार पौंड आणि चांदीच्या डब्या

बर्मिंगहॅममध्ये नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: आजीच्या चांदीच्या करंड्यामुळे जुन्या इंग्लिश डब्यांची ओढ लागली. चांदी चढतेय, तर साठवलेल्या सहा हजार पौंडांच्या विनेग्रेट आणि तपकिरीच्या डब्या घेऊन ठेवू का?

ताई, सगळे पैसे यात घालू नका. विनेग्रेट म्हणजे चिमुकली डबी, आत सुगंधी व्हिनेगरचा स्पंज. आपल्याकडच्या अत्तराच्या फायासारखीच सोय. तिच्यात चांदी किती? बहुतेकदा जेमतेम वीस-तीस ग्रॅम. त्यामुळे चांदी दुप्पट झाली तरी डबी दुप्पट होत नाही. तुम्ही पैसे मोजता ते कारागिरीचे, नेथॅनियल मिल्स या बर्मिंगहॅमच्या नावाजलेल्या डबीकाराच्या ठशाचे, झाकणावर उठवलेल्या विंडसरच्या किल्ल्याचे. ती आवड कमी झाली की भावही उतरतो.

आता लिलावाचा हिशेब. बोली 800 पौंडांवर थांबली. खरेदीदाराचं कमिशन 25% धरलं तर 200, त्यावर 20% व्हॅट 40. डबी पडली 1,040 ला. उद्या तीच 800 ला विकलीत आणि 15% कमिशन व त्यावरचा व्हॅट गेला, तर हातात 656. नुसते पैसे सुटायलाच बोली 1,268 च्या वर जायला हवी. मला सगळ्यात जास्त काळजी याच आकड्याची वाटते.

म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. उरलेल्यातला मोठा भाग आयसामध्ये (ISA, ब्रिटनमधलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) जाऊ दे. हौसेसाठी सहा-सातशे पौंड ठेवा आणि त्यात एकच डबी घ्या, पण चांगली. दहा झिजलेल्या डब्यांपेक्षा ती विकायलाही सोपी जाते.

घेताना डबी हातात घ्याच. उघडलीत की आत सोन्याचा मुलामा दिसला पाहिजे. व्हिनेगरने चांदी खराब होऊ नये म्हणून तो देत. स्पंजवरची जाळी मूळची आहे का, तिच्यावरही ठसा आहे का ते बघा. डबीवर बर्मिंगहॅमच्या तपासणीची खूण म्हणजे जहाजाचा नांगर, स्टर्लिंगचा (92.5% शुद्ध चांदीचा) सिंह आणि वर्षाचं अक्षर स्पष्ट हवं. मग झाकणावर हलकेच फुंकर घाला. वाफ धरली की बिजागरीजवळचा डाख किंवा घासून काढलेली आद्याक्षरं उमटतात. तसं काही दिसलं तर, कितीही आवडली असली, तरी परत ठेवा.

कराचं म्हणाल तर, ब्रिटनमध्ये अशी एखादी वस्तू 6,000 पौंडांपर्यंत विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. घराच्या विम्यात एका वस्तूची मर्यादा किती ते मात्र आजच तपासा, आणि डबी आली की ठशांचे जवळून फोटो काढून पावतीसोबत ठेवा.