एआय चालतं, मग आई का नाही?

प्रश्न : सुट्टीत भाचा आलाय, रोज रात्री जेवणं आटपली की स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स जोडून शब्द बनवायच्या खेळाचा, डाव बसतो. परवा अगदी शेवटी त्याने 'ए-आय' अशी दोनच अक्षरं लावली. मी म्हटलं शॉर्टफॉर्म चालत नाही, तर म्हणतो "मावशी, सगळं जग एआय एआय करतंय, चालतं." अॅपवर चेक केलं तर खरंच व्हॅलिड निघालं आणि चॅलेंज चुकला म्हणून वर माझाच चान्स गेला! हे कधीपासून चालायला लागलं? आणि ते चालतं तर आपली आई, म्हणजे ए-ए-आय, का चालू नये?
— एक मावशी, डोंबिवली

उत्तर : मावशी, पॉइंट भाच्याचे, ते द्यावेच लागतील. पण त्याने सांगितलेलं कारण साफ चूक आहे आणि शॉर्टफॉर्म चालत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यामुळे त्याला फार मिरवू देऊ नका.

बोर्डवरचा तो एआय म्हणजे कॉम्प्युटरवाला नव्हेच. तो एक प्राणी आहे! दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडाला उलटा लटकून असतो ना, तो तीन नखांचा स्लॉथ, आठवड्यातून साधारण एकदा 'जाऊन येण्यापुरता' खाली उतरणारा आणि अंगावर शेवाळ वाढलं तरी ढिम्म न हलणारा. ब्राझीलकडच्या तुपी भाषेत त्याच्या किंचाळण्यावरूनच त्याचं नाव पडलं, आपण लहान मुलांना चिऊ-काऊ शिकवतो तसंच. तिथे गेलेल्या पोर्तुगीजांनी ते उचललं आणि मग ते इंग्रजीत आलं. आणि गंमत म्हणजे ब्रिटिश डिक्शनरीत याचा उच्चार काढून बघा, 'आ-ई'! आपण स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतो तस्साच. यांची पिल्लंही आईच्या पोटाला चिकटून असतात आणि चुकून सुटली की ओरडून तिला बोलावतात, म्हणजे आपल्या कानाला तरी ते नाव शोभतंच.

(आपल्या मेळघाट-ताडोबातल्या अस्वलाला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात तेही याच घोळातून. 1791 मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गअभ्यासकाने त्याची लांब नखं बघून त्याला चक्क स्लॉथच्या वंशात टाकलं होतं. नंतर चूक सुधारली पण नाव चिकटलं ते चिकटलंच.)

कॉम्प्युटरचा एआय खूप नंतरचा, 1956 च्या डार्टमथ कॉलेजमधल्या परिषदेपासून ते नाव रुळलं. तो कॅपिटलमध्ये लिहितात, एकेक अक्षर सुटं म्हणतात, म्हणून स्क्रॅबलमध्ये बाद. टीव्हीही त्याच कारणाने बाद. आता तुम्ही म्हणाल मग ओके कसं चालतं, तर तेही आधी चालत नव्हतं, डिक्शनरीवाले त्याला साधा स्मॉल अक्षरातला शब्द मानायला लागले तेव्हा 2018 मध्ये स्क्रॅबलच्या अमेरिकन शब्दयादीत आणि 2019 मध्ये कॉलिन्स या ब्रिटिश डिक्शनरीच्या यादीत आलं. त्या वर्षी कॉलिन्समधले दोन अक्षरी शब्द 127 झाले. गावाकडे दूधवाल्यांना विचारलंत तर त्यांचा एआय तिसराच, गाईचं कृत्रिम रेतन, आणि विमानाच्या तिकिटावरचा एआय म्हणजे एअर इंडिया. यातलं एकही बोर्डवर चालत नाही, मान फक्त स्लॉथला!

बाकी हा आवाज कुठे कुठे सापडेल सांगता येत नाही. चिनी भाषेत 'आय' म्हणजे प्रेम, तोच शब्द जपान्यांनी घेतला, शिवाय त्यांच्याकडे निळीलाही 'आय' म्हणतात पण तो शब्द वेगळा, त्यांचा स्वतःचा. जुन्या ग्रीकमध्ये 'आय आय' हा शोकाचा उद्गार, हायसिंथच्या पाकळ्यांवर तीच अक्षरं उमटली अशी दंतकथा आहे. पोर्तुगीज माणसाला ठेच लागली की तो 'आय!' म्हणतो आणि आपण 'आई गं!' म्हणतो. म्हणून ही सगळी एका घरची नाहीत हां, एवढ्याशा शब्दांचं असंच असतं, कुठेही जुळतात. आपल्या आईचं नातं शोधायचं तर जवळ बघा, तमिळमध्ये 'आय्' म्हणजे आईच, आणि आपल्याकडेही गावात अजून 'आय' म्हणतातच की.

तर ए-ए-आय बाद, कारण इंग्रजीने तो शब्द घेतलेलाच नाही. इथे इंग्रजीने आपला म्हणून डिक्शनरीत बसवलेलाच शब्द लागतो. मराठीचं काही लावायचंच असेल तर मुंगूस लावा! इंग्रजीतला मोंगूस आपल्या मुंगसावरूनच गेलाय. अक्षरं आठ आहेत, म्हणजे एक बोर्डवरचं वापरून हातातली सातही संपवलीत की वर 50 पॉइंटचा बोनस.

आणि भाच्याचं ए-आय दोन पॉइंटचं म्हणून हसू नका, खरी कमाई चिकटवण्यात आहे. समजा बोर्डवर आडवं पी-ए-टी आहे. त्यातल्या ए-च्या खालून सुरू करून आय-ओ-एन आडवं लावा. वरून खाली वाचलं की ए-आय होतं, शेजारी टी-ओ होतं, म्हणजे तीन टाइल्समध्ये तीन शब्द आणि साध्या घरांवरसुद्धा सात पॉइंट. हातात नुसते स्वर साठले असतील तर यू-एन-ए-यू पण पाठ करून ठेवा, हा त्याच स्लॉथचा दोन नखांचा भाऊबंद, तोही व्हॅलिड आहे. भाच्याला मात्र आधी सांगू नका, चॅलेंज करू दे त्याला.