युफोनियम या पितळी फुंकवाद्यासाठी कोणता माउथपीस (ओठ लावायचा सुटा भाग) घ्यावा? माझ्याकडे १२सी मॉडेल आहे, आवाज पातळ येतो. थेट ४एएल मागवू का?

थांबा, अजून मागवू नका. तुम्ही लिहिलंय की वाद्य जुनं आहे, नेरुळला एका बँडवाल्याकडून घेतलंय आणि त्यावरचा शिक्का पुसट झालाय. म्हणजे सगळ्यात आधी त्याला कुठली शँक, म्हणजे माउथपीसची वाद्यात जाणारी दांडी, लागते ते कळायला हवं. युफोनियमच्या शँकचे मुख्य प्रकार तीन: छोटी, मधली आणि मोठी. यामाहाचं ३२१ मॉडेल छोट्या शँकचं, तर ६४२ मोठ्या शँकचं. बेसन कंपनीच्या जुन्या वाद्यांना बऱ्याचदा मधली शँक लागते. तुम्ही म्हणताय तो डेनिस विक कंपनीचा ४एएल मोठ्या शँकचा. तोच कप (माउथपीसची वाटीसारखी पोकळी) मधल्या शँकमध्ये हवा असेल तर ४एएम. पण बाख कंपनीच्या साडेसहा एएलमधल्या 'एल'चा शँकशी संबंध नाही. तो छोट्या आणि मोठ्या, दोन्ही शँकमध्ये मिळतो. त्यामुळे ऑर्डर देताना शँक वेगळी विचारून घ्या.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी यात पैसे घालवलेत. छोट्या शँकच्या वाद्याला मोठ्या शँकचा माउथपीस लावला. तो जरासाच आत जाऊन अडकला. ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत ढकलली तरी सूर खालीच, आणि वरच्या सप्तकात तर एकही सूर जागेवर बसेना. गणपतीच्या मिरवणुकीत ठाण्याच्या तलावपाळीला पोचेपर्यंत माझे ओठ सुजले होते. उलटा प्रकारही होतो. वाद्याच्या मोठ्या तोंडात छोटी शँक घातली की ती खूप आत जाते आणि हलते. मग बरेच जण कागद किंवा टेप गुंडाळतात. तसं करू नका, त्यासाठी धातूचा अॅडॉप्टर मिळतो. नीट बसणारा माउथपीस साधारण अडीच सेंटिमीटर आत जातो आणि हलकेच फिरवला की घट्ट बसतो. हलवून बघितलं तर जराही डगमगत नाही.

आता आवाजाचं. १२सीचा कप उथळ आहे. तो युफोनियमवर वाजतो, पण आवाज ट्रॉम्बोनकडे झुकतो. या वाद्याच्या नावाचाच अर्थ गोड आवाजाचं, आणि तो गोलवा खोल कपातून येतो. म्हणून तुम्हाला आधी खोली वाढवायची आहे, रुंदी थोडीच. माझं मत विचाराल तर साडेसहा एएलने सुरुवात करा. रिमचा (ओठ टेकतात त्या कडेचा) आतला व्यास १२सीपेक्षा सुमारे एक मिलिमीटर जास्त, कप बराच खोल. ओठांना धक्का बसत नाही आणि आवाजातला फरक पहिल्याच दिवशी ऐकू येतो. यामाहाचा ४८ही जवळपास त्याच मापाचा आहे. ४एएल सुंदर आहे, पण रोज तासभर रियाज होत नसेल तर वर्षभर थांबा. मोठा कप भरायला श्वास लागतो, नाहीतर आवाज मोठा न होता नुसता धूसर होतो.

आकड्यांनी गोंधळू नका. बाख आणि विकमध्ये आकडा लहान तर कप मोठा. यामाहा आणि शिल्के या कंपन्यांमध्ये नेमकं उलटं.

दुकानात फक्त वरचे सूर वाजवून ठरवू नका. खालचा सूर अगदी हळू, लांब धरा, मोबाइलवर ट्यूनर लावा, मग लिप स्लर करत, म्हणजे जीभ न लावता ओठांनीच सूर बदलत, वर या. घरी आणल्यावर पंधरा दिवस तोच वाजवा, रोज अदलाबदल केली तर ओठ कशालाच सरावत नाहीत. आणि जुन्या माउथपीसचा चांदीचा मुलामा उडून पितळ दिसत असेल तर तो ओठाला लावू नका. आपल्या पावसाळ्यात त्यावर हिरवट थर लवकर धरतो.

मी ठाण्यात राहतो. रविवारी सकाळी वाद्य घेऊन आलात तर माझ्याकडचे छोट्या आणि मोठ्या शँकचे दोन्ही साडेसहा एएल लावून बघता येतील. कुठला बसतो ते दोन मिनिटांत कळेल.